लिस्बनमधला एकच दिवस: सकाळी बेलेम, रात्री घुमट

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याचं अकरा जणांचं पथक जूनमध्ये पोर्तुगालला जाणार आहे. चार घुमटं (मातीच्या भांड्यावर कातडं मढवलेलं गोव्याचं तालवाद्य), एक शमेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (झांजा), तबला, पेटी, गिटार आणि दोन गायक. गुरुवारी रात्री लिस्बनला उतरायचं, शुक्रवारी रात्री साडेआठला नदीकाठच्या उघड्या मंचावर कार्यक्रम, शनिवारी पहाटे परत निघायचं. म्हणजे शहर बघायलाही शुक्रवारच आणि वाजवायलाही शुक्रवारच. मंडळींना बेलेम, सिंत्रा, किल्ला, ट्राम, फादो (तिथलं पारंपरिक गाणं) आणि खरेदी असं सगळं हवंय. कसं बसवायचं?

सगळं बसणार नाही. सिंत्रा आजच यादीतून काढा. रोस्सिओ स्टेशनवरून ट्रेनला चाळीस मिनिटं लागतात हे खरं, पण तिथे पोहोचल्यावर डोंगरावर जाणाऱ्या बसची रांग, मग राजवाड्याची रांग, आणि अकरा जणांना परत एकत्र गोळा करणं यात अख्खा दिवस जातो. फादोचं खाली सांगतो.

वेळापत्रक आखताना आधी घड्याळाचं गणित मांडा, कारण बहुतेक पथकं तिथेच फसतात. जूनमध्ये लिस्बन आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथल्या रात्री साडेआठला तुमच्या शरीरात मध्यरात्रीनंतरचा एक वाजलेला असतो. पहिला ठोका पडायच्या वेळी आपल्याकडे चवथीच्या आरत्या संपून पाट-चौरंग आवरून झालेले असतात. उलट तिथल्या पहाटे पाचला शरीराला सकाळचे साडेनऊ वाटत असतात, त्यामुळे सगळे आपोआप जागे होतील. दिवसाचा आकार यातूनच ठरतो: भटकंती पहाटेपासून दुपारपर्यंत, मग सक्तीची झोप, मग काम. दुपारी बारापर्यंत लोळून चारला फिरायला निघायचं आणि तिथूनच थेट मंचावर जायचं, हा बेत ऐकायला आरामाचा वाटतो. प्रत्यक्षात तिसऱ्या गाण्याला घुमटवाल्याचे हात जड होतात आणि लय मागे ओढायला लागते. थकलेला गायक आवाजावरून लगेच कळतो, थकलेला वादक लयीवरून कळतो, आणि घुमट-आरतीत लय गेली की काही उरत नाही.

तर शुक्रवार असा. सातला नाश्ता, पावणेआठला हॉटेलबाहेर. काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशकडे जाणारी लोकल धरली की दहा मिनिटांच्या आत बेलेम येतं. ट्राम क्रमांक १५ही तिथे जाते, पण सकाळी ती भरलेली असते आणि अकरा जण एका डब्यात मावतीलच असं नाही. तिकिटासाठी ‘नावेगान्त’ नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड मिळतं. ते प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. अकरा कार्डं आदल्या रात्री विमानतळावरच्या मेट्रो स्टेशनवर काढून ठेवली तर सकाळी मशीनपुढे वीस मिनिटं उभं राहावं लागत नाही.

बेलेमला आधी खाऊन घ्या. १८३७ पासून चालत आलेलं ‘पाश्तेइश द बेलेम’ हे कस्टर्ड टार्टचं दुकान आठला उघडतं आणि साडेनऊनंतर रांग रस्त्यावर येते. तिथून जेरोनिमुश मठ समोरच दिसतो. मठाची आणि त्याला जोडून असलेल्या चर्चची रांग वेगळी असते. वास्को द गामाची कबर चर्चमध्ये आहे (तो १५२४ साली कोचीनला वारला, अस्थी नंतर नेल्या). मठाचा आतला चौक बघायचा असेल तर वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. तिकीट नसेल तर चर्च बघून बाहेर पडा, तासभर उन्हात उभं राहण्याइतकी कोणाची हौस नसते. सोमवारी हे सगळं बंद असतं, तुमचा शुक्रवार आहे म्हणून ती चिंता नाही.

तिथून नदीकाठी चालत दहा मिनिटांवर १९६० साली उभारलेलं दर्यावर्दींचं स्मारक आहे. पायाखाली संगमरवरात मोठं होकायंत्र आणि त्यात जगाचा नकाशा कोरलेला आहे. गोंयकाराने तो उभं राहून बघावाच: स्मारक उभं राहिलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. यावरून पथकात वाद होऊ शकतो. होऊ द्या, पण तो हॉटेलवर. स्थानिक पत्रकाराने मंचावर माइक पुढे केला की काय बोलायचं आणि कोणी बोलायचं हे आधी ठरवलेलं बरं. बेलेमचा मनोरा बाहेरूनच बघा, आतला जिना अरुंद आहे आणि अकरा जणांना तास खातो.

साडेअकराला परतीची लोकल. बारा ते एक जेवण. ट्राम २८ चा मोह टाळा. ती शहराची शोभा आहे तशीच खिसेकापूंची पेठही आहे, आणि पारपत्रं गेली तर संध्याकाळ पोलीस ठाण्यात जाते. आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या हव्याच असतील तर दोन-तीन जणांनी जेवणानंतर अर्धा तास फिरून यावं, गायकांनी नाही. सगळा चढ आहे, आणि दम लागलेल्या गळ्याला वाऱ्यात बोलायला लागलं की संध्याकाळी वरचा षड्ज खरखरतो.

एक ते अडीच झोप. पडदे लावा, गजर लावा, नव्वद मिनिटांच्या वर जाऊ नका. दोन-तीन तास झोपलेला माणूस उठल्यावर तासभर बधिर असतो. उठल्यावर चहा आणि उजेड. पश्चिमेकडे प्रवास केल्यावर संध्याकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ मागे सरकायला मदत होते, म्हणून साडेतीनला खोलीत बसू नका, गॉगल काढून बाहेर बसा. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे.

वाद्यं फिरायला नेऊ नका. हॉटेलमधून निघून मंचापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. ‘सकाळीच व्हॅनमध्ये टाकू आणि तिथून थेट जाऊ’ असं कोणीतरी म्हणतोच. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान इतकं चढतं की पेटीच्या भात्याचा चिकटवलेला भाग सुटतो, गिटारचा ब्रिज उचलला जातो आणि तबल्याच्या शाईला भेगा पडतात. चोरीचा धोका वेगळाच.

लिस्बनच्या पदपथांवर सगळीकडे बारीक चुनखडीच्या दगडांची फरसबंदी आहे, कालसादा म्हणतात तिला. पिढ्यानपिढ्या घासून ती काचेसारखी झालेली आहे. पेटीच्या केसची छोटी चाकं दोनशे मीटरमध्ये निखळतात. खांद्याला अडकवायचे पट्टे ठेवा, किंवा मोठ्या रबरी चाकांची ढकलगाडी आयोजकांकडे मागा. कोल्हापुरी घालून त्या उतारावर चालू नका. चामड्याचा तळवा तिथे तेल लावल्यासारखा घसरतो. चपला पिशवीत, मंचाशेजारी बदला.

आता घुमट. हा विषय निघायच्या आधीच सुटला पाहिजे, म्हणून इथे थोडं थांबतो. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, पण जुन्या घुमटांवरचं कातडं घोरपडीचं असायचं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात तिची जात पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक गटात आहे. आजोबांचं घुमट आहे, विकायचं नाही, वाजवून परत आणायचं आहे, ही कारणं कस्टमच्या टेबलावर चालत नाहीत. वाद्य जप्त होईल आणि वाहून नेणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून फक्त बकरीच्या कातड्याची घुमटं न्या, आणि ज्याने मढवली त्याच्याकडून ‘मातीचं भांडं, बकरीचं कातडं’ असं लिहिलेली पावती इंग्रजी भाषांतरासह घ्या. सुटं कच्चं कातडं बरोबर नेऊ नका, मढवलेलंच न्या.

वाजणार चार असतील तर न्यायची सहा. मातीचं भांडं आहे, एखादं फुटणारच असं धरून चाला. पोटात मऊ कपडे भरा, बाहेरून टॉवेल गुंडाळा, सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम येईल अशा कडक केसमध्ये ठेवा. पोटातले कपडे चटकन बाहेर काढता येतील असेच कोंबा, कारण तपासणीला अधिकारी आत बघणार. सहाही घुमटं एकाच केसमध्ये ठेवू नका. एक केस मधल्या विमानतळावर राहून गेली तर कार्यक्रम तिच्याबरोबर तिथेच राहतो. केबिनमध्ये काय न्यायचं याचा नियम सोपा ठेवा: जे लिस्बनमध्ये भाड्याने मिळणार नाही ते हातात. गिटार, ॲम्प्लिफायर, कीबोर्ड तिथे मिळतात. घुमट, शमेळ, डग्गा मिळत नाहीत. तबल्याची हातोडी मात्र केबिनमध्ये चालत नाही, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. दोन हातोड्या घ्या, दोन वेगवेगळ्या चेक-इन बॅगांत टाका. वायरलेस माइकच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक बरोबर उलट, त्या फक्त केबिनमध्ये, शंभर वॅट-अवरपर्यंत.

विमानात चढवण्यापूर्वी तबल्याचे गट्टे वर सरकवून सूर उतरवून ठेवा. जूनमध्ये गोव्याची हवा पावसाने भिजलेली असते, लिस्बनची दुपार त्या मानाने कोरडी असते. आपल्याकडे ओलसर हवेत ताणून लावलेलं चामडं तिथे आणखी आवळतं, सूर चढतो आणि पुडी (तबल्यावर मढवलेलं कातडं) फाटू शकते. एक जादा पुडी बरोबर असूच द्या. घुमटाला गट्टे नाहीत, त्यामुळे तिथे फक्त तापवण्यावर नियंत्रण राहतं. फोंड्यात अर्धा तास उन्हात ठेवायची सवय असेल तर तिथे पाच मिनिटांनी बोट मारून बघा.

खरी गंमत संध्याकाळी होते. पाच वाजता साउंडचेकला ऊन असतं, चामडं कडक असतं, सगळं छान वाजतं. साडेआठपर्यंत तेजु नदीवरून वारा सुटतो, तापमान झपकन उतरतं आणि हवेतला ओलावा वाढतो. चामडं सैल पडतं. म्हणून साउंडचेकला लावलेला सूर अंतिम समजू नका. आठ वाजून दहा मिनिटांनी मंचामागे तबला पुन्हा लावा आणि घुमटं तापवा. जाळ करता येणार नाही. हॉटेलमधला केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर, एका हाताच्या अंतरावरून सतत फिरवत धरला तर काम होतं. एकाच जागी धरलात तर चामडं तिथेच तडकेल. दुपारी मंचावर वाद्यं उघडी पडली तर त्यांच्यावर पांढरं कापड टाका.

साउंडचेकसाठी आयोजकांना महिनाभर आधी एक पान पाठवा: कोण कुठे बसतो त्याचं चित्र आणि माइकची यादी. तुमच्या पथकाचा हिशेब असा होईल: घुमटं ४, शमेळ १, तबला-डग्गा २, पेटी २, गिटारची थेट लाइन १, गायक २, कोरस २, एकूण १४. कासाळ्यांना माइक देऊ नका, ते सगळ्या माइकमध्ये स्वतःहून घुसतात. घुमटाचा माइक कातड्याच्या बाजूने, साधारण एक वीत अंतरावर, तिरका. मागच्या उघड्या तोंडासमोर लावला तर डाव्या हाताच्या उघडझापीने हवेचे धक्के बसतात, आणि मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) त्या तोंडाकडे वळलेला असला तर गडगडाट सुरू होतो. ध्वनिवाल्याने हे वाद्य कधी पाहिलेलं नसेल, तेव्हा पहिल्यांदा एका वादकाला एकट्याला दोन मिनिटं वाजवू द्या. तो ऐकून घेतो आणि पुढचं काम निम्म्यावर येतं.

तुम्ही बसून वाजवणार हेही त्या पानावर ठळक लिहा. तिकडे बहुतेक बँड उभे असतात. चार बाय दोन मीटरचा, दीड-दोन वीत उंचीचा चौथरा आणि बुटके माइक स्टँड मागितले नाहीत तर उंच स्टँडच्या जंगलात तुम्ही दिसणारच नाही. पांढरी चादर साउंडचेक संपल्यावर अंथरा. तंत्रज्ञ बूट घालून वायरी जोडत फिरतात, त्यात त्यांचा अपमान करायचा हेतू नसतो. आधी चादर अंथरून मग ओरडण्यात अर्थ नाही.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण सॉकेट वेगळं. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. घरचा एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक ॲडॉप्टर नेला की सगळ्यांची सोय होते, मात्र ॲडॉप्टर अर्थिंगचा असू द्या. दोन पिनांचा स्वस्त ॲडॉप्टर अर्थिंग तोडतो; मग गिटारमधून भुणभुण येते आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो.

सुराचं एक फसवं ठिकाण आहे. स्थानिक गिटारवादक किंवा ॲकॉर्डियनवाला एखाद्या गाण्याला साथ देणार असेल तर त्याला ‘काळी एक’ कळणार नाही हे उघड आहे, म्हणून तुम्ही ‘सी शार्प’ म्हणाल. पोर्तुगालमध्ये स्वरांना दो, रे, मी, फा म्हणतात आणि त्यांचा ‘सी’ म्हणजे आपण इंग्रजीत ज्याला ‘बी’ म्हणतो तो स्वर. तुमच्या ‘सी’वर तो अर्धा सूर खाली वाजवायला लागेल आणि दोघांनाही चूक कुठे आहे ते कळणार नाही. काळी एक म्हणजे ‘दो सुश्तेनीदु’ हे कागदावर लिहून द्या. पथकात चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेला कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा, त्याला हे उपजत कळतं.

कार्यक्रमात लोक कोण असतील याचाही विचार करा. लिस्बनमध्ये गोंयकार बरेच आहेत, आल्कांतारा भागात कासा द गोवा ही त्यांची संस्था आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी घुमट ऐकलेलं असतं ते मांडो या कोंकणी गाण्याबरोबर, आरतीबरोबर नाही. सुरुवातीला ‘हेच ते घुमट, आता देवळातल्या अंगणात कसं वाजतं ते ऐका’ एवढं एक वाक्य पोर्तुगीजमध्ये कोणीतरी म्हणावं. लोक लगेच पुढे सरकतात. निवेदन चार ओळींच्या वर नको. ‘बोआ नोइत’ सगळ्यांनी म्हणा. आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतात, बायका ‘ओब्रिगादा’.

गाऱ्हाण्यासाठी नारळ हवा असेल तर तिथल्या सुपरमार्केटमधून घ्या, इथून नेलात तर एअरलाइनशी हुज्जत घालावी लागेल. कापूर ज्वलनशील आहे, विमानात चालतच नाही. निरांजनाची ज्योत मंचावर लावायला आयोजकांची लेखी परवानगी लागेल. नाही मिळाली तर बॅटरीचे दिवे लावा आणि वाईट वाटून घेऊ नका. पेढे, तूप, दुधाची मिठाई नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चोरिस (गोव्याचा सॉसेज) त्यातच येतो, आणि हे सांगून एकाला तरी वाईट वाटणार.

गाण्यांची यादी गीतकार-संगीतकारांच्या नावांसह आधीच द्या. तिथे लेखकांच्या हक्कांची सोसायटी आयोजकांकडून ती मागते. पारंपरिक आरत्यांपुढे ‘पारंपरिक’ असं स्वच्छ लिहा, नाट्यपदं घेत असाल तर नावं पूर्ण लिहा.

जेवण साडेसहाला, हलकं. मासे आणि भात सहज मिळतो, आणि बटाटा, पाव, जनेल (खिडकी) हे शब्द तिथे ऐकून मंडळी खूश होतात. शाकाहारींनी मार्तीं मोनीश भागातली भारतीय दुकानं दुपारीच हेरून ठेवावीत. बिअर कार्यक्रमानंतर.

उघड्या मंचाला वेळेची मर्यादा असते, पन्नास मिनिटांचा कार्यक्रम बसवा आणि सुंवारी (घुमट-शमेळाचं समूहवादन) शेवटी ठेवा. ती लांबवता येते तशी कापताही येते. आरतीच्या वह्यांना कपड्याचे चिमटे लावा, वाऱ्याने पानं उडतात. संपल्यावर कोणीही फोटोसाठी पळण्याआधी वाद्यांच्या केस मोजा: प्रत्येक केसवर क्रमांक, मोजणारा माणूस एकच, आणि तो वादक नसलेला बरा.

फादो. साडेदहाला, म्हणजे आपल्या पहाटे तीनला, फादोच्या घरात बसलात तर तिथे दिवे मंद करतात, कोणी बोलत नाही, आणि तुमच्यातले आठ जण घोरतील. गाणाऱ्याचा तो अपमान आहे. गुरुवारचं विमान सकाळी उतरणारं मिळालं तर फादो गुरुवारी रात्री ठेवा, आगाऊ टेबल राखून. नाही मिळालं तर दुपारी झोप न येणाऱ्या एखाद्याने आल्फामातलं फादो संग्रहालय बघून यावं, पण तीनच्या आत हॉटेलवर.

कागदांचं दोन ओळींत. व्हिसाच्या अर्जात पर्यटन न लिहिता सांस्कृतिक कार्यक्रम लिहा आणि आमंत्रणपत्र जोडा. विमा किमान तीस हजार युरोचा लागतो. हातात नेता येणारी वाद्यं तिथे तात्पुरती आणायला सहसा अडचण येत नाही, अडचण येते ती परतताना: नवं दिसणारं वाद्य परदेशात घेतलं नाही हे दाखवायला निघतानाच भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. ते आंतरराष्ट्रीय विमान जिथून धरता तिथे, सामान चेक-इन करण्याआधी. म्हणून मोपाहून मुंबईमार्गे जाणार असाल तर मुंबईला सामान परत हातात येतं का ते एअरलाइनला आधी विचारा. आणि पथकात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर लिस्बनला तो वेगळ्या रांगेतून आधी सुटतो. त्याला पट्ट्यावर वाद्यं उतरवायला उभा करा. केस फुटलेली दिसली तर विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार-फॉर्म भरून घ्या, लेखी दाव्याची मुदत सात दिवसांची असते.